ललित कादंबरीकारांची विज्ञानकथा : काही इंग्रजी कादंबऱ्यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : विज्ञानकथा, ललित कादंबरी, नोव्हम, निवेदनपद्धती, वाङ्मयप्रकार आणि प्रतिष्ठा

इंग्रजी साहित्यात ललित कादंबरी आणि विज्ञानकथा यांच्यामध्ये उभी असलेली भिंत वाटते तितकी जुनी नाही. एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यासाठी 'विज्ञानकथा' हे नाव रूढच झालेले नव्हते. 'हॉवर्ड्स एंड'सारखी कौटुंबिक-सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्या ई. एम. फॉर्स्टर यांनी तिच्या आदल्याच वर्षी, १९०९ मध्ये, 'द मशीन स्टॉप्स' ही भूमिगत यंत्रनगरीची दीर्घकथा लिहिली आणि त्यात आपण काही परका प्रांत तुडवीत आहोत असे त्यांना वाटल्याचे दिसत नाही. वेगळेपणाची जाणीव निर्माण झाली ती प्रामुख्याने नियतकालिकांच्या बाजारपेठेतून. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ या प्रकाराला वाहिलेले मासिक सुरू केले. भडक मुखपृष्ठे, हलका कागद, ठरावीक वाचकवर्ग आणि त्या वर्गाची स्वतःची पत्रापत्री यांतून एक स्वतंत्र वसाहत उभी राहिली. वसाहत उभी राहिली की तिला वेसही येते.

या वेशीचा एक चमत्कारिक नियम पुढे रूढ झाला. ऑल्डस हक्सले यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) आणि जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) या दोन्ही कादंबऱ्या कोणत्याही व्याख्येने विज्ञानकथेत बसतात. परंतु ग्रंथालयात त्या 'साहित्य' या फळीवरच राहिल्या. कलाकृती चांगली असेल तर ती विज्ञानकथा नव्हे आणि विज्ञानकथा असेल तर ती चांगली असणार नाही, असा हा उफराटा न्याय होय. कर्ट व्हॉनेगट यांना आपल्यावर 'विज्ञानकथाकार' हा शिक्का बसल्याचे शल्य होते आणि ते त्यांनी उघडपणे बोलून दाखविले. स्कॉटिश लेखक इयन बँक्स यांनी तर दोन नावेच वापरली. 'द वॉस्प फॅक्टरी' (१९८४) ही पहिली कादंबरी 'इयन बँक्स' या नावाने आली, तर 'कन्सिडर फ्लेबस' (१९८७) पासूनच्या विज्ञानकादंबऱ्या 'इयन एम. बँक्स' या नावाने. लेखक एक, टेबल एक. मधले एक आद्याक्षर तेवढे वेशीवरचा पहारेकरी.

प्रस्तुत लेखाचा विषय या वेशीवरून ये-जा करणारे ललित कादंबरीकार हा आहे. डोरिस लेसिंग, मार्गारेट अ‍ॅटवुड, काझुओ इशिगुरो, इयन मॅक्युअन आणि आपल्याकडील अमिताव घोष यांच्या कृतींच्या आधारे दोन प्रश्न विचारात घ्यावयाचे आहेत. ललित कादंबरीकार विज्ञानकथेकडे वळतो तेव्हा त्याच्या हाती नेमके कोणते साधन लागते? आणि त्या साधनाचा वापर कोठे साधतो, कोठे फसतो?

नोव्हम आणि त्याची किंमत

विज्ञानकथेची सर्वांत उपयुक्त ठरलेली मीमांसा डार्को सुव्हिन यांनी 'मेटामॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन' (१९७९) या ग्रंथात मांडली. त्यांच्या मते विज्ञानकथेच्या केंद्रस्थानी वाचकाच्या अनुभवविश्वात नसलेली एक नवी गोष्ट असते. तिला ते 'नोव्हम' म्हणतात. काळयंत्र, परग्रहवासी, मानवाची प्रतिकृती ही नोव्हमची उदाहरणे. मात्र ही नवी गोष्ट परीकथेतील जादूप्रमाणे मोकाट नसते. तिचे परिणाम तर्काने, कार्यकारणभावाने उलगडावे लागतात आणि त्या उलगड्यातून वाचकाचे स्वतःचे परिचित जग त्याला अपरिचित दिसू लागते. अपरिचितीकरण ही संकल्पना रशियन रूपवाद्यांमुळे आणि ब्रेख्तमुळे मराठी समीक्षेला ठाऊक आहेच. सुव्हिन यांनी तिला बौद्धिक शिस्तीची जोड दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. नोव्हम फुकट मिळत नाही. एकदा 'माणसांच्या प्रतिकृती तयार होतात' असे गृहीत धरले की त्यांचे शिक्षण कोण करते, त्यांचा खर्च कोण सोसते, कायदा त्यांना काय मानतो, त्या पळून का जात नाहीत, हे प्रश्न वाचक विचारणारच. विज्ञानकथेचा मुरलेला वाचक हे प्रश्न सवयीने विचारतो. ललित कादंबरीचा वाचक मात्र ते रूपक समजून सोडून देण्याची शक्यता असते. दोन वाचकवर्गांमधील बहुतेक गैरसमज याच ठिकाणी जन्मतात.

लेसिंग आणि अ‍ॅटवुड : दोन भूमिका

'द गोल्डन नोटबुक' (१९६२) या कादंबरीने कीर्ती मिळविलेल्या डोरिस लेसिंग यांनी १९७९ ते १९८३ या काळात 'कॅनोपस इन आर्गोस : आर्काइव्ह्ज' ही पाच कादंबऱ्यांची मालिका लिहिली. 'शिकास्ता' या पहिल्या कादंबरीत पृथ्वीचा इतिहास एका परग्रहीय साम्राज्याच्या दप्तरातील अहवाल, पत्रे आणि टिपणे यांच्या रूपाने येतो. वसाहतीतून, म्हणजे दक्षिण ऱ्होडेशियातून, आलेल्या लेखिकेने संपूर्ण पृथ्वीलाच वसाहतीच्या जागी बसविले, हा त्या मालिकेतील खरा नोव्हम होय. ही निवड लेसिंग यांनी संकोचाने केली नाही. 'शिकास्ता'च्या प्रास्ताविकात त्यांनी विज्ञानकथाकारांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले, आणि १९८७ मध्ये ब्रायटन येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात त्या सन्माननीय अतिथी होत्या. समीक्षकांतील अनेकांना हे रुचले नाही. २००७ मध्ये लेसिंग यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर हॅरल्ड ब्लूम यांनी नापसंती व्यक्त करताना त्यांच्या विज्ञानकथेवरच बोट ठेवले होते. मालिकेत उपदेशाचा भार जागोजागी जाणवतो हे खरे. पण जे सदोष आहे ते त्या प्रकारामुळे सदोष आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

अ‍ॅटवुड यांची भूमिका याउलट. त्यांच्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) या कादंबरीला १९८७ मध्ये आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. विज्ञानकथेसाठी दिल्या जाणाऱ्या या ब्रिटिश पुरस्काराचे ते पहिलेच वर्ष. तरीही अ‍ॅटवुड आपल्या कादंबऱ्यांना 'विज्ञानकथा' न म्हणता 'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन', म्हणजे संभाव्यतेची कथा, म्हणत राहिल्या. जे घडू शकते, ज्याची साधने मानवाच्या हाती आजच आहेत, ते आपले क्षेत्र. मंगळवासीयांची स्वारी हे दुसऱ्यांचे, असा त्यांचा युक्तिवाद. २००९ मध्ये 'द यिअर ऑफ द फ्लड' या कादंबरीचे परीक्षण करताना अर्सुला ल ग्विन यांनी त्यावर नेमके बोट ठेवले. ही व्याख्या सोयीची आहे. ती कादंबरीला हलक्या समजल्या गेलेल्या फळीपासून वाचविण्यासाठी केलेली दिसते. आणि लेखिकेच्या इच्छेचा मान राखायचा तर या कादंबरीच्या खऱ्या गुणांविषयी बोलण्याची परिभाषाच परीक्षकाला वापरता येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. यातील तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. नाव नाकारले की त्या नावाभोवती साठलेली समीक्षेची हत्यारेही हातची जातात. पुढे २०१० मध्ये या दोघींचा पोर्टलंड येथे जाहीर संवाद झाला आणि अ‍ॅटवुड यांनी 'इन अदर वर्ल्ड्स' (२०११) हा या विषयावरील आपला ग्रंथ ल ग्विन यांनाच अर्पण केला. वादाचा शेवट अर्पणपत्रिकेत होणे हे वाङ्मयीन जगात तसे विरळच.

'नेव्हर लेट मी गो' : न पळणारी माणसे

इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो' (२००५) या कादंबरीची घडण या चर्चेत फार बोलकी आहे. १९९० च्या दशकात त्यांनी ही कादंबरी दोनदा लिहावयास घेऊन सोडून दिली होती. ग्रामीण इंग्लंडमध्ये राहणारा तरुण-तरुणींचा एक गट आणि त्यांच्यावरील अकाली मृत्यूचे सावट एवढे त्यांच्याजवळ होते. सावटाचे कारण सापडत नव्हते. डॉली या मेंढीचा जन्म १९९६ मधला. तिची वार्ता १९९७ मध्ये जगभर पसरली. प्रतिकृतीनिर्मितीची चर्चा सर्वतोमुखी झाल्यानंतरच्या काळात इशिगुरो यांना ते कारण गवसले. म्हणजे येथे विज्ञान आधी आणि माणसे नंतर, असा क्रम नाही. माणसे आधीपासून ताटकळत होती. विज्ञानाने त्यांना त्यांची नियती पुरविली.

विषय नवा नव्हता. केट विल्हेल्म यांच्या 'व्हेअर लेट द स्वीट बर्ड्‌स सँग' (१९७६) या कादंबरीत प्रतिकृतींचा समाज येऊन गेला होता. मायकेल मार्शल स्मिथ यांच्या 'स्पेअर्स' (१९९६) मध्ये तर श्रीमंतांच्या अवयवांची सोय म्हणून वाढविलेल्या प्रतिकृती आहेत आणि नायक त्यांना सोडवून पळ काढतो. इशिगुरो यांची कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी 'द आयलंड' हा हॉलिवुडपट आला. त्यातही पलायन हेच संविधानक. यांच्याशेजारी 'नेव्हर लेट मी गो' ठेवली की तिचे वेगळेपण डोळ्यांत भरते. तिच्यात कोणीही पळत नाही. कॅथी, रूथ आणि टॉमी हेलशॅम या निवासी शाळेत वाढतात, चित्रे काढतात, एकमेकांवर रुसतात. मोठी झाल्यावर आधी 'शुश्रूषक' आणि मग 'दाते' होतात. कुंपण नाही, पहारा नाही. कॅथी स्वतःच्या मोटारीने देशभर हिंडते आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या केंद्रावर हजर होते.

ते पळत का नाहीत, हा प्रश्न वर्गात ही कादंबरी शिकविताना विद्यार्थी हमखास विचारणार. आणि 'हे रूपक आहे' हे त्याचे उत्तर अपुरे आहे. उत्तर कादंबरीच्या भाषेत आहे. अवयव काढून घेण्याला येथे 'दान' म्हणतात आणि मरणाला 'पूर्ण होणे'. मुलांना सारे काही सांगितले जाते, पण नेहमी त्यांना कळेल त्याच्या थोडे आधी. त्यामुळे कळते तेव्हा ते जुनेच झालेले असते. एखादी व्यवस्था माणसाच्या शब्दसंग्रहातून बंडाचा शब्दच वजा करते तेव्हा तिला भिंती बांधाव्या लागत नाहीत. खरे प्रेम सिद्ध करणाऱ्या जोडप्याला तीन-चार वर्षांची सवलत मिळते, अशी अफवा मुलांमध्ये असते. कॅथी आणि टॉमी अखेरीस मागतात ते स्वातंत्र्य नव्हे, मुदतवाढ. कादंबरीतील सर्वांत भयंकर तपशील हाच असावा. विज्ञानकथाकार एम. जॉन हॅरिसन यांनी २००५ मध्येच परीक्षणात म्हटले की ही कादंबरी प्रतिकृतींविषयी नाहीच. आपण सारे मरण ठाऊक असूनही रस्त्यावर येऊन आक्रोश का करीत नाही, याविषयी ती आहे. हा अभिप्राय वेशीच्या पलीकडून आला, हे विशेष.

कादंबरीत विज्ञान जवळजवळ नाही. प्रयोगशाळा नाही, तंत्राचे स्पष्टीकरण नाही, आणि काळ भविष्याचा नसून १९९० च्या दशकाच्या अखेरीचा आहे. तरीही नोव्हमची किंमत लेखकाने चुकती केली आहे. कारण नव्या गोष्टीचा परिणाम पात्रांच्या बोलण्यापर्यंत, त्यांच्या विनोदांपर्यंत पोचविला आहे. बुकर आणि क्लार्क या दोन्ही पुरस्कारांच्या अंतिम यादीत ती होती. यथावकाश, २०१७ मध्ये, इशिगुरो यांना नोबेल मिळाले. मध्यंतरी 'द बरीड जायंट' (२०१५) च्या वेळी वाचक तिला अद्भुतकथा समजतील काय अशी शंका त्यांनी एका मुलाखतीत व्यक्त केली. ल ग्विन यांनी तिचा खरपूस समाचार घेतला. इशिगुरो यांनी आपण राक्षस-पऱ्यांच्याच बाजूचे असल्याचा खुलासा केला आणि ल ग्विन यांनीही दिलगिरी दर्शविली.

दोन यंत्रमानव

मॅक्युअन यांची 'मशीन्स लाइक मी' (२०१९) आणि इशिगुरो यांची 'क्लारा अँड द सन' (२०२१) या दोन कादंबऱ्या दोन वर्षांच्या अंतराने आल्या. दोन्हींत माणसाच्या घरात राहावयास आलेला यंत्रमानव आहे.

मॅक्युअन यांनी १९८२ चे पर्यायी लंडन उभे केले आहे. फॉकलंडच्या युद्धात ब्रिटन हरला आहे आणि अ‍ॅलन ट्युरिंग १९५४ मध्ये मृत्यू न पावता हयात आहेत. बत्तीस वर्षांचा चार्ली वारशाच्या पैशातून ८६ हजार पौंडांना 'अ‍ॅडम' हा यंत्रमानव विकत घेतो. पुढे चार्ली, त्याची प्रेयसी मिरांडा आणि अ‍ॅडम यांचा त्रिकोण तयार होतो. मिरांडाने पूर्वी मृत मैत्रिणीवरील अत्याचाराचा सूड घेण्यासाठी न्यायालयात खोटी साक्ष दिलेली असते. अ‍ॅडम तो पुरावा पोलिसांच्या हाती देतो. त्याच्या दृष्टीने सत्य हे सत्यच. चार्ली हातोडीने त्याचा घात करतो. आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह यांच्या 'लायर!' (१९४१) या कथेतील मनकवडा यंत्रमानव माणसांना दुखवायचे नाही या नियमामुळे सर्वांशी गोड खोटे बोलतो आणि अनर्थ ओढवतो. मॅक्युअन यांचा अ‍ॅडम नेमके उलट करतो : निष्ठुर खरे बोलून अनर्थ ओढवतो. ही दोन टोके शेजारी ठेवून वाचली तर दोन्ही कृती उजळतात. प्रकाशनाच्या सुमारास दिलेल्या मुलाखतीत मात्र मॅक्युअन यांनी प्रकाशवेगाच्या पटींत प्रवास करण्यापेक्षा यंत्राशी जवळून संबंध आल्यावर उभे राहणारे मानवी पेच हाताळण्यास कादंबरीकारांना वाव आहे, अशा आशयाचे विधान केले, आणि विज्ञानकथेच्या वाचकांनी त्यांना धारेवर धरले. 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) पासून या प्रकाराने दुसरे केले तरी काय, असा त्यांचा सवाल होता. या प्रकाराचे आपल्याला वावडे नाही, असे मॅक्युअन यांनी नंतर स्पष्ट केले. विधान कसेही असो, कादंबरीतील खरी उणीव निराळी आहे. अ‍ॅडमचे अंतरंग, यंत्रांच्या आत्मनाशाचे कारण, जाणिवेचा प्रश्न हे सर्व चार्लीच्या चिंतनातून किंवा ट्युरिंग यांच्या लांबलचक संभाषणांतून कळते. नोव्हम चर्चेचा विषय होतो. निवेदनाचा घटक होत नाही.

'क्लारा अँड द सन' मध्ये निवेदन यंत्राकडेच आहे. आजारी जोसीची सोबतीण म्हणून विकत घेतलेली क्लारा सौरऊर्जेवर चालते आणि म्हणून सूर्याला दयाळू दैवत मानते. ज्यातून आपल्याला बळ मिळते त्याने जोसीलाही बरे करावे, हा तिचा तर्क यंत्राच्या मर्यादेत निर्दोष आहे. वाचकाला मात्र त्यात धर्माचा उगम दिसतो. गोंधळाच्या क्षणी तिची दृष्टी चौकटी-चौकटींत विभागली जाते, एकाच चेहऱ्याचे निरनिराळे भाव निरनिराळ्या चौकटींत दिसतात. हे कोणी समजावून सांगत नाही. वाक्येच तशी येतात. ब्रायन ऑल्डिस यांच्या 'सुपर-टॉइज लास्ट ऑल समर लाँग' (१९६९) या कथेतील आईच्या प्रेमासाठी आसुसलेला यंत्र-मुलगा क्लाराचा पूर्वज म्हणता येईल. ही वंशावळ दाखविल्याने इशिगुरो यांचे काही कमी होत नाही. उलट आधी काय झाले हे ठाऊक असलेल्या वाचकालाच नवे काय झाले हे कळते.

भारतीय आणि मराठी संदर्भ

अमिताव घोष यांच्या 'द कलकत्ता क्रोमोसोम' या कादंबरीला १९९७ मध्ये क्लार्क पुरस्कार मिळाला. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे हिवतापाच्या प्रसारात डासाचा असलेला संबंध सिद्ध केला आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, हा अधिकृत इतिहास. घोष असे कल्पितात की रॉस यांना तेथवर आणून सोडणारी एक गुप्त मंडळी एका प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या मंगलाच्या भोवती उभी होती, आणि तिचे ज्ञान मौनावर आधारलेले होते. वासाहतिक विज्ञानाच्या इतिहासात ज्यांची नावे नोंदली गेली नाहीत त्यांना केंद्रस्थानी आणण्यासाठी वास्तववादी कादंबरीचा साचा अपुरा पडला असता. घोष यांनीच पुढे 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) मध्ये अशी तक्रार मांडली की हवामानबदलासारखा विषय हाती घेणारी कादंबरी गंभीर साहित्याच्या दालनातून आपोआप विज्ञानकथेच्या दालनात ढकलली जाते. विसाव्या शतकातली भिंत एकविसाव्या शतकातील सर्वांत तातडीच्या विषयाच्या आड येते, असा तिचा अर्थ.

मराठीत वाहतूक प्रामुख्याने उलट दिशेने झाली. येथे ललित लेखक विज्ञानाकडे जाण्यापेक्षा वैज्ञानिक ललित लेखनाकडे आले. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट करून. परीक्षकांवर आपल्या कीर्तीचा परिणाम होऊ नये, हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. इयन बँक्स यांच्या मधल्या आद्याक्षराशी या टोपणनावाची तुलना उद्बोधक ठरेल. एकाने दोन वाचकवर्ग वेगळे ठेवण्यासाठी नाव बदलले, दुसऱ्याने आपले लेखन निव्वळ गुणांवर तोलले जावे म्हणून. २०२१ मध्ये नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, ही वेशीच्या आतून झालेली दखल होय. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांचे लेखक अरुण साधू यांनी 'विप्लवा' ही विज्ञानकादंबरी लिहिली, याचा उल्लेख मात्र त्यांच्यावरील लेखनात सहसा ओझरताच येतो. राजकीय सत्तेचा इतका बारकाईने वेध घेणाऱ्या लेखकाला विज्ञानकथेची गरज का भासली असावी, हा प्रश्न मराठी विभागातील एखाद्या शोधप्रबंधाला पुरेल. त्यासाठी 'विप्लवा' आणि 'सिंहासन' एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवाव्या लागतील. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' (१९७९) या संग्रहातील कथाही तिथेच असाव्यात, 'लोकप्रिय साहित्य' अशा वेगळ्या घटकात नव्हेत.